तीन नंबरच्या खोलीतलं तापमान

बाबा,

वकीलबाई म्हणाल्या, तुमच्या शब्दांत लिहून आणा, भाषा मी नीट करून घेईन. कोर्टात माझ्या वतीने एक निवेदन द्यायचं आहे. सोळाव्या वर्षी आइस हॉकी खेळायला इथून गेलो, अठराव्या वर्षी नॅशनल सर्व्हिससाठी, म्हणजे सक्तीच्या सैन्यसेवेसाठी, परत यायचं होतं, आलो नाही, आणि आता एकेचाळिसाव्या वर्षी आलो. हे कसं झालं ते दोन पानांत सांगायचं आहे. मी तीन दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कागद घेऊन बसतो आहे आणि दर वेळी पहिला शब्द 'बाबा' असाच लिहिला जातो. दोन कागद फाडले. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा म्हटलं, आधी हे लिहून टाकू, मग ते लिहिता येईल.

मी चोआ चू कांगला आपल्याच घरी आहे. आई बाथरूममध्ये पडली, तिचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं. घरात दुसरं कोणी नाही, म्हणून आलो. चांगी विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट मशीनवर ठेवला, स्क्रीनकडे बघितलं आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "सर, प्लीज वेट हिअर." हे वाक्य कधीतरी ऐकायचं आहे हे मला तेवीस वर्षं माहीत होतं. ते इतक्या हळू आवाजात येईल असं मात्र वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आई वॉकर घेऊन, टॅक्सीने, मला जामीन राहायला आली. तिथल्या साहेबाने तिला खुर्ची दिली तर त्यालाच म्हणाली, "मी बसले तर उठायला दोन माणसं लागतील, आधी सही करू द्या."

पासपोर्ट पोलिसांकडे आहे. काम करायची परवानगी नाही. सकाळी आईला व्यायाम करायला लावतो, बाजार आणतो, दुपारी माझ्या जुन्या खोलीत पडतो. पलंग तोच आहे आणि माझे पाय घोट्यापासून बाहेर येतात. त्याचा एक पाय आखूड होता म्हणून तुम्ही हॉकीचा पक, ती रबराची जाड चकती, करवतीने कापून त्याखाली लावला होता, तो काळा तुकडा अजून तिथेच आहे. संध्याकाळी खाली जाऊन इमारतीला फेऱ्या मारतो. माझ्या गुडघ्यावर तीन ऑपरेशनं झाली आहेत, त्यामुळे हळू चालतो. आपल्या मजल्यावरचे ते चिनी अंकल, ज्यांनी माझ्या सरावाच्या आवाजाची तक्रार केली होती, ते आता फार म्हातारे झालेत. त्यांनी मला लिफ्टमध्ये ओळखलं. "हॉकी बॉय! वाह, सो बिग ऑलरेडी!" मग माझे केस बघून म्हणाले, "सो ओल्ड ऑलरेडी!" आणि स्वतःच हसले. रोज भेटतात आणि रोज तेच विचारतात, "व्हेन यू गो बॅक आह?" मी म्हणतो, "सून, अंकल." त्यांना कळलेलं नाही की मला जाता येत नाही. किंवा कळलं असेल.

फ्रीजरमध्ये एक पक आहे, बाबा. तुम्हाला आठवेल, पक गार नसला की रबर बर्फावर उड्या मारतं, म्हणून सामन्याआधी ते गोठवून ठेवतात, हे मी कुठून तरी ऐकून आलो होतो आणि आईच्या फ्रीजरमध्ये सहा पक भरले होते. खोवलेल्या नारळाच्या पिशव्या, मटार आणि मध्ये काळ्या चकत्या. पुण्याच्या मावशीने मोदकांसाठी नारळ काढायला हात घातला आणि पक बाहेर काढून आईला म्हणाली, "अगं, हा काय, जळका गूळ?" त्यांपैकी एक राहिला आहे. मी आईला विचारलं, हा टाकला का नाहीस. म्हणाली, "फ्रीज दोनदा बदलला. दोन्ही वेळा ह्यांनी आधी तो नव्या फ्रीजमध्ये ठेवला, मग नारळ."

याची सुरुवात तुमच्यामुळेच झाली आणि ते तुम्हाला कधी आवडलं की नाही हे मला कळलं नाही. जुरोंगच्या रिंकचा, त्या बर्फाच्या मैदानाचा, कंप्रेसर बंद पडला होता. तुमच्या कंपनीकडे दुरुस्तीचं काम होतं आणि शनिवार होता म्हणून तुम्ही मला बरोबर नेलं. मी आठ वर्षांचा. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत एक पांढरं मैदान. तुम्ही मागच्या खोलीत यंत्राच्या लोखंडाला कान लावून उभे होता. मी तुमचं कोल्ड स्टोअरचं जाड जाकीट घालून कठड्याशी उभा होतो, ते माझ्या गुडघ्याखाली येत होतं. पाच-सहा गोरी मुलं खेळत होती. एक जण माझ्यासमोरून गेला आणि वळला. धावणारा माणूस वळतो तसा नाही. तो वळला आणि त्याचा वेग कमीच झाला नाही. मी घरी येताना बसमध्ये तुम्हाला सांगितलं, मला हे करायचं आहे. तुम्ही म्हणालात, "त्या बर्फाखाली किती मैल पाइप आहे ठाऊक आहे का तुला?" मला वाटलं, नाही म्हणालात. तीन आठवड्यांनी तुम्ही वापरलेले बूट घेऊन आलात, दोन नंबर मोठे, आणि आईचे लोकरी मोजे त्यात कोंबून माझ्या पायाला बसवलेत. पात्याला धार तुम्ही स्वतः लावायचात. एकदा मी बूट ओले तसेच पिशवीत ठेवले आणि पात्याला गंज आला, तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत. पातं माझ्या हातात दिलंत, पॉलिश पेपर दिलात आणि गंज जाईपर्यंत समोर बसून राहिलात. जेवण गार झालं. आई म्हणाली, "अहो, पोर आहे." तुम्ही म्हणालात, "लोखंडाला ते कळत नाही."

मग गॅलरीतला सराव. वर्तमानपत्राच्या गठ्ठ्यांमधून पक काढायचा, उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे, शाळेतून आल्यावर रोज. अंकलांची तक्रार आल्यावर तुम्ही खाली कारपेटचा तुकडा टाकलात आणि अंकलांना चकल्या नेऊन दिल्यात. पुढे उत्तरेतल्या ज्या गावात मी खेळायला गेलो, तिथले पेपरवाले मला विचारायचे, तुझे हात इतके लवकर कसे फिरतात, तुमच्याकडे तर बर्फच नाही. मी सांगायचो, आमच्याकडे गॅलरी चार फूट रुंद असते. ते हसायचे, त्यांना विनोद वाटायचा.

त्याच वर्षांतला एक शनिवार मला इथे लिहायचा आहे, कारण तो आता रोज आठवतो. तुआसचं कोल्ड स्टोअर. तुमच्याबरोबर आलो होतो, दहा-अकरा वर्षांचा असेन. पाच खोल्या होत्या आणि दर दोन तासांनी प्रत्येक खोलीचं तापमान लॉगशीटवर लिहायचं असायचं. बाहेर काटा होता, पण तुमचा त्याच्यावर विश्वास नव्हता. तुमचा नियम होता की आत जायचं, पार मागच्या भिंतीपर्यंत, तिथे टांगलेला थर्मामीटर वाचायचा आणि बाहेर येऊन लिहायचं. त्या दिवशी तुम्ही मला जाकीट घातलंत, बॉलपेन दिलंत आणि म्हणालात, "जा, आज तू लिही." मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. एक नंबर, दोन नंबर, चार, पाच, सगळ्या खोल्यांत गेलो. तीन नंबरमध्ये गेलो नाही. इतर खोल्यांत उणे अठरा होतं, म्हणून तीनपुढेही उणे अठरा लिहिलं. तुम्ही शीट बघितलंत आणि स्वतः तीन नंबरमध्ये जाऊन आलात. तिथे पंख्यावर बर्फ साचला होता आणि तापमान उणे तेरावर आलं होतं. आत कोणाची तरी मासळी होती.

"आत गेला होतास?"

"हो."

"आत गेला होतास?"

"नाही."

"का नाही गेलास?"

"कंटाळा आला."

मी खोडरबर शोधायला लागलो तर तुम्ही माझा हात धरलात. म्हणालात, लॉगशीटवर खोडायचं नसतं. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी खरा आकडा लिहायचा आणि सही करायची. मी दहा वर्षांचा, माझी सही नव्हती. तुम्ही म्हणालात, "मग नाव लिही." मी पूर्ण नाव लिहिलं. त्यानंतर तुम्ही मला हाताला धरून तीन नंबरमध्ये नेलंत, दार लावलंत आणि दाराच्या आतला दांडा दाखवलात. "कोल्ड रूमचं दार आतून नेहमी उघडतं. हा ढकलायचा. हा नसेल त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही." मी ढकलला. दार उघडलं. घरी जाताना बसमध्ये तुम्ही मला एवढंच म्हणालात, "मीटर जे दाखवतो तेच लिहायचं. आपल्याला काय आवडेल ते नाही."

पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे. रिंकवरचा तो कॅनडाचा कोच, दिवसा तेल कंपनीत नोकरी आणि संध्याकाळी आम्हाला शिकवणारा, तो घरी आला होता. आईने त्याला साबुदाण्याची खिचडी दिली आणि तो तीन वेळा मागून खाऊन गेला. त्याने सांगितलं की उत्तरेकडच्या एका क्लबाच्या शाळेत दोन वर्षांची जागा मिळू शकेल, असे हात त्याने इथे दुसऱ्या कोणाचे बघितले नाहीत. तुम्ही विचारलंत, "एनएसचं काय?" आपण सगळे पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी, झालो तेव्हा मी सात वर्षांचा होतो. फॉर्मवर मुलाचं नाव घातलं की अठराव्या वर्षी त्याला सैन्यात दोन वर्षं द्यायची, हे तुम्ही वाचूनच सही केली होती. तुम्ही न वाचता कशावरच सही करत नव्हता. मला बाहेर पाठवण्यासाठी एक्झिट परमिट लागलं आणि त्यासाठी तुम्ही आणखी एक कागद लिहून दिलात, मुलगा वेळेवर परत येईल म्हणून. विमानतळावर तुम्ही मला मिठी मारली नाहीत. पिशवीत धार लावायचा दगड ठेवलात. "दोन वर्षं," म्हणालात. मी म्हणालो, "हो, बाबा."

तो 'हो' खरा होता. हे मला वकीलबाईंना सांगता येत नाही, कारण त्याने काही फरक पडत नाही. पण खरा होता.

दोन वर्षांनी तुमचा फोन आला. मी क्लबाच्या वसतिगृहाच्या जिन्यात उभा आहे, भिंतीवर फोन आहे, बाहेर चार वाजता दिवस संपला आहे. त्याच आठवड्यात मला मोठ्या संघाने फॉरवर्ड म्हणून, पुढच्या फळीत खेळायला, करार देऊ केला होता. तुम्ही म्हणालात, "तारीख आली आहे. तिकीट काढतो." मी म्हणालो, "मी येत नाही." तुम्ही म्हणालात, "दोनच वर्षांचा प्रश्न आहे." मी म्हणालो, "बाबा, दोन वर्षांत फॉरवर्ड संपतो." फोनवर फक्त मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. मग तुम्ही म्हणालात, "बरं," आणि फोन ठेवलात. एनएसच्या ऑफिसातून घरी माझ्या नावाचं पत्र आलं, दुसरं आलं. तुम्ही प्रत्येक पत्र नव्या पाकिटात घालून मला पाठवत होता, वर तुमच्या अक्षरात पत्ता. मी पोलिसांना सांगितलं की पत्रं मिळाली. उघडली होती का, असं त्यांनी विचारलं. पहिलं उघडलं होतं. बाकीची बुटांच्या खोक्यात ठेवली होती.

मी चांगला खेळलो, बाबा. हे तुम्हाला पेपरच्या कात्रणांतून माहीत होतं, पण मी स्वतः कधी सांगितलं नाही, म्हणून सांगतो. चौथ्या वर्षी मी त्या लीगमध्ये सगळ्यांत जास्त गोल केले. गाव लहान होतं, एक साखरेचा कारखाना, एक चर्च आणि आमचा रिंक. बेकरीतली बाई माझ्याकडून पैसे घ्यायची नाही. माझं आडनाव कोणालाच म्हणता यायचं नाही, म्हणून सगळे स्टँडमधून नुसतं पहिलं अक्षर ओरडायचे, चार हजार माणसं एक अक्षर ओरडताहेत. फॉरवर्डची पाळी पाऊण मिनिटाची असते. पाऊण मिनिट जीव तोडून खेळायचं, मग बाकावर येऊन बसायचं, दुसरे जातात, मग पुन्हा तुम्ही. त्या पाऊण मिनिटात मला काहीच आठवायचं नाही. बाकावर बसलो की आठवायचं. मला वाटतं मी सतरा-अठरा वर्षं त्या पाऊण मिनिटासाठी तिथे राहिलो.

लोकांना वाटतं, एवढं खेळायला मिळालं म्हणजे मोकळा होता. पण सोडता येत नव्हतं. त्यासाठी इथलं दार बंद केलं होतं, त्यामुळे ते सोडलं तर हातात काय राहणार? पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, थांब. मी थांबलो नाही. दुसऱ्यानंतर वेग गेला आणि मला शेवटच्या फळीत टाकलं, सामन्यात चार-पाच पाळ्या. तिसऱ्यानंतर क्लबाने फुलं दिली, जर्सी भिंतीवर लावली आणि मला क्लबाच्या दुकानात काम दिलं. मी बुटांना धार लावून द्यायचो. पोरं म्हणायची, ह्याच्यासारखी धार कोणी लावत नाही.

तुम्ही दर रविवारी फोन करायचात. हवापाणी, गुडघा, आईचं ब्लडप्रेशर, आणि शेवटी फोन ठेवण्याआधी एकच प्रश्न, "मग, काय ठरवलंस?" अकरा वर्षं. रागाने नाही, रोजचं तापमान विचारावं तसं. मी म्हणायचो, "बघतो." आई दोनदा येऊन राहून गेली. तुम्ही आला नाहीत. मी तिकिटं पाठवली होती, तुम्ही परत केलीत आणि म्हणालात, "मी लिहून दिलं आहे की तू येशील. मीच तिकडे आलो तर ते काय झालं?" तुम्ही मला एकदाही मोठ्या संघात खेळताना बघितलं नाहीत.

तुम्ही गेलात त्या दिवशी आईचा फोन सकाळी आला, तिथली सकाळ. मी म्हणालो, येतो. ती म्हणाली, "येऊ नकोस. तुला विमानतळावरच धरतील, मग मी एकटी मंडाईच्या स्मशानात जाऊ की तुझ्याकडे येऊ?" संध्याकाळी सामना होता. मी कोणाला सांगितलं नाही. दोन गोल केले. मंडाईला आईनेच सगळं केलं, तुमच्या कंपनीतले चौघे जण बरोबर होते. त्या रविवारी मी फोनजवळ बसून राहिलो. कोणी विचारलं नाही काय ठरवलंस.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. मागच्या आठवड्यात वकीलबाईंनी मला त्यांच्या ऑफिसात बोलावलं. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत, इथल्याच तमिळ, फार भरभर बोलतात. सरकारी फायलीतल्या कागदांच्या प्रती त्यांना मिळाल्या होत्या. त्यांतला एक त्यांनी माझ्यापुढे सरकवला. "युअर फादर व्हेरी स्टेडी, यू नो," म्हणाल्या. तुमचं अक्षर मी लांबूनच ओळखलं. आपलं फोनवर बोलणं झाल्यानंतर महिन्याभराने तुम्ही एनएसच्या त्या ऑफिसला लिहिलेलं पत्र. त्यात लिहिलं होतं: माझा मुलगा परत यायला तयार होता. मी त्याला थांबवून ठेवलं. तो लहान आहे आणि त्याने माझं ऐकलं. निर्णय माझा आहे, त्याला दोष देऊ नये. खाली सही, आणि सहीखाली तुमच्या सवयीप्रमाणे वेळही.

मी ते तीन वेळा वाचलं. बाई म्हणत होत्या की हे सोन्यासारखं आहे. मुलाचं वय, वडिलांचा शब्द, आपल्या समाजात वडिलांचा शब्द म्हणजे काय ते मी कोर्टाला समजावून सांगीन. आता तुमचं वय उलटलं आहे, सैन्यात दोन वर्षं देतो म्हटलं तरी घेणार नाहीत, म्हणून तुरुंगात तर जावं लागेलच. पण हे पत्र असलं तर काही महिने कमी होतील. मी म्हणालो, "हे खरं नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं. "ते मी ऐकलं नाही," म्हणाल्या. "तुम्हाला कोणी खोटं बोलायला सांगत नाही. तुम्ही काहीच बोलू नका. कागद वडिलांचा आहे. नाहीतर कागद कोर्टापुढे ठेवायचाच नाही. पण मग जास्त दिवस आत, अंडरस्टँड? तुमच्या आईचं बघणारं कोण आहे?" पत्राच्या दोन प्रती त्यांनी मला दिल्या. एकीवर, ही माझ्या वडिलांचीच सही आहे, असं लिहून शुक्रवारी आणून द्यायचं. दुसरी घरी ठेवायला.

घरी येऊन आईपुढे प्रत ठेवली. तिला बघायची गरज पडली नाही. "याच टेबलावर लिहिलं," म्हणाली. "ऑफिसचा शर्ट घालून बसले होते, रविवार असून. तीन कागद फाडले. मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, अहो, हे असं झालेलं नाही. तर म्हणाले, असू दे. मग सही केली आणि हात धुवायला गेले. किती वेळ हात धूत होते."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगू नको म्हणाले. म्हणाले, त्याला कळलं तर तो कधीच येणार नाही."

त्यानंतर तुम्ही नागरिकत्वाचा अर्जही कधी भरला नाहीत. मी फोनवर विचारायचो तर म्हणायचात, राहू दे. का ते मला त्या दिवशी कळलं. खोटं लिहून दिलेल्या माणसाने त्याच सरकारपुढे पुन्हा अर्ज घेऊन जायचं नाही, असं तुम्ही ठरवलं असणार.

मी आईला म्हणालो, मी हे वापरणार नाही. बाबांनी आयुष्यात एक खोटा आकडा लिहिला आणि तो कोर्टात वाचून दाखवायचा? आई कणीक मळत होती. एका हाताने वॉकर धरून दुसऱ्या हाताने. मी मळतो म्हटलं तर मला सरकवलं. "ह्यांनी ते काय फ्रेम करून लावायला लिहिलं होतं? तुझ्यासाठी लिहिलं. आता तुला नको. बारा वर्षं झाली ह्यांना जाऊन. मेलेल्या माणसाला कोणी आत टाकत नाही. तुला टाकतील. आणि मला रोज सकाळी कोण उठवणार आहे, ते चिनी अंकल?" मी हसलो. ती हसली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "तू खरं बोलायला इतकी वर्षं थांबलास, आणखी काही महिने थांब. मग बोल हवं तेवढं."

आज शुक्रवार. सकाळी बोना व्हिस्टाला उतरून बाईंच्या ऑफिसात गेलो आणि सही केलेली प्रत देऊन आलो. त्यांनी विचारलं, "आर यू शुअर?" मी म्हणालो, आईसाठी करतो आहे. त्यांनी मान हलवली, त्यांना ते पटलं. पुढच्या बुधवारी कोर्टात तुमचं पत्र वाचतील. आई पहिल्या रांगेत बसेल, तिला सांगितलं आहे की रडलीस तरी चालेल. मी मागे हात बांधून उभा राहीन आणि काही बोलणार नाही.

घरी ठेवायची प्रत माझ्यापुढे आहे. तिच्यावर मी बॉलपेनने, 'मी त्याला थांबवून ठेवलं' या वाक्यावर, एक आडवी रेघ मारली आहे. खालचं वाचता येतं. शेजारी लिहिलं, 'वडिलांनी ये म्हटलं होतं. मी आलो नाही.' आणि सही केली. आता माझी सही आहे. ही प्रत हे पत्र लिहून झालं की घडी घालून फ्रीजरच्या वरच्या कपाटात ठेवीन, जिथे तुमची गॅरंटी कार्डं असायची. कोर्टात गेलेल्या प्रतीवर रेघ नाही.

आईसाठी केलं असं मी बाईंना सांगितलं, आणि ते थोडंसंच खरं आहे. बाईंनी त्या दिवशी तुरुंगातल्या खोलीचं वर्णन केलं होतं, मला घाबरवायला नाही, माहिती म्हणून. दार बाहेरूनच उघडतं. दिवा कोणी बंद करत नाही. मला सोळा वर्षं मोठमोठ्या माणसांनी कठड्यावर आपटलं, दोन दात गेले, पेपरवाले लिहायचे की याला भीती माहीत नाही. ते लिहायचे म्हणून मीही तसंच समजत आलो.

तुआसला तुम्ही विचारलं होतंत, तीन नंबरमध्ये का गेला नाहीस. त्या खोलीचं दार इतर दारांपेक्षा लवकर मिटायचं, आणि आतला दांडा तुम्ही मला तोपर्यंत दाखवला नव्हता. मी दारात उभा राहून दोनदा आत पाय टाकला आणि दोनदा मागे घेतला. तुम्हाला सांगितलं, कंटाळा आला.

कंटाळा आला नव्हता, बाबा.